खरं सांग म्हणू की गप्प राहा म्हणू?

प्रश्न : पूर्व नागपुरात राहणाऱ्या एका आईचं पत्र आहे. पती काही वर्षांपूर्वी वारले, त्या एका खासगी शाळेत शिकवतात. २० वर्षांचा मुलगा इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेल्या आठवड्यात त्याच्या वर्गमित्राला फुटाळा तलावाकडे ७० ग्रॅम गांजासह पोलिसांनी पकडलं. मित्राच्या मोबाईलमध्ये या मुलाचे मेसेज निघाले आणि ८०० रुपये ऑनलाइन पाठवल्याची नोंद. दोन दिवसांनी ठाण्यातून फोन आला, 'चौकशीला येऊन जा.' आईने विचारलं तेव्हा मुलाने सांगून टाकलं की मित्रांसोबत काही वेळा गांजा ओढला आहे, ते पैसे त्याचेच होते. शेजारचे एक ओळखीचे म्हणतात, 'काकू, कायले वकिलाच्या नादी लागता? ४० हजारात मिटवून टाकू.' आई लिहितात, 'मी त्याला लहानपणापासून खरं बोलायला शिकवलं. आता खरं सांग म्हटलं तर तो आयुष्यातून उठेल. खोटं बोल म्हटलं तर मी कशाची आई? वकील नेला तर पोलीस म्हणतील, चोराच्या मनात चांदणं. काय करू?'
(ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ताई,

तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त अडकवून ठेवलं ते खरं-खोटं या प्रश्नानं. पैशाचं आणि वकिलाचं पुढे बोलूच. पण तुम्ही लेकराला काय शिकवलं आणि आता काय शिकवणार, याचा निकाल आधी लागला पाहिजे. तो लागला नाही, तर ठाण्याच्या पायऱ्या चढताना त्याचे पाय लटपटतील आणि तुमचेही.

तुम्ही दोनच वाटा धरून चालला आहात. सगळं सांगायचं, नाहीतर खोटं बोलायचं. कायद्यात तिसरी वाट आहे आणि ती कोणी पळवाट म्हणून काढलेली नाही. आपल्या संविधानाचं कलम २०(३) म्हणतं की गुन्ह्याचा आरोप असलेल्या कोणालाही स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती करता येणार नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं (पोलीस तपास आणि खटल्याची पद्धत ठरवणाऱ्या कायद्याचं) कलम १८० तेच पोलीस चौकशीपुरतं नीट मांडतं. पोलिसांच्या प्रश्नांची खरी उत्तरं द्यायला माणूस बांधील आहे, मात्र ज्या उत्तरानं तो स्वतःच गुन्ह्यात अडकू शकतो, ते उत्तर द्यायला तो बांधील नाही. १९७८ साली नंदिनी सत्पथी यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण न्यायालयात उभं राहण्याआधी, ठाण्यातल्या प्रश्नोत्तरांपासूनच लागू होतं असं सांगितलं.

म्हणजे तुमच्या मुलाने नाव, पत्ता, कॉलेज खरं सांगायचं. 'मी त्याला ओळखतच नाही' असं म्हणायचं नाही, कारण ते खोटं आहे आणि पोलिसांना जाणूनबुजून खोटी माहिती देणं हा वेगळा गुन्हा आहे. पण 'तू ओढतोस का? पैसे कशाचे दिले?' या प्रश्नांवर तो शांतपणे म्हणू शकतो, 'साहेब, या प्रश्नाचं उत्तर मला वकिलांशी बोलल्याशिवाय द्यायचं नाही.' आवाज चढवायचा नाही, तेच वाक्य लागेल तितक्या वेळा सांगायचं. यात असत्य काही नाही. तुम्ही शिकवलेलं खरेपण इथं कुठे मोडतं ते मला दिसत नाही.

आणि खरं तो बोललाच आहे, तुमच्याजवळ. एकट्या आईसमोर विसाव्या वर्षी हे कबूल करणं सोपं नाही. पोलिसांच्या टेबलावरची कबुली आणि आईजवळची कबुली एकाच मापानं मोजू नका.

घाबरलेली मुलं पहिली गोष्ट करतात ती म्हणजे चॅट उडवणं, फोन फॉरमॅट मारणं, सिमकार्ड तोडणं. तुमच्या मुलाने हे केलं नसेल तर आजच बजावा की करायचं नाही. पुरावा नष्ट करणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. शिवाय ते मेसेज मित्राच्या फोनमध्ये आहेतच, ८०० रुपये बँकेच्या नोंदीत आहेत. पुसल्यानं पुरावा जात नाही, फक्त मुलाच्या मनात पाप होतं असं दिसतं. पोलिसांनी फोन मागितला तर लेखी मागणी द्या म्हणायचं, आणि फोन घेतला तर जप्ती पंचनाम्यात मॉडेल आणि आयएमईआय क्रमांकासह नोंद करून घ्यायची. पासवर्ड सांगण्याची सक्ती करता येते का, यावर न्यायालयांचं अजून एकमत नाही. तो प्रश्न निघाला तर वकिलावर सोडा.

आता ठाण्यातून आलेल्या त्या फोनबद्दल. 'येऊन जा' एवढ्यावर धावत जायचं नाही आणि न जाता दडूनही बसायचं नाही. ठाण्याच्या अधिकृत क्रमांकावर फोन करून फोन करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि गुन्हा क्रमांक विचारा. मुलाला साक्षीदार म्हणून बोलावताहेत की संशयित म्हणून, हे विचारा आणि लेखी सूचनापत्र मागा. संशयित म्हणून बोलवायचं तर संहितेच्या कलम ३५(३) ची नोटीस असते, साक्षीदार म्हणून कलम १७९ ची. कलम ३५ ची नोटीस व्हॉट्सॲपवर टाकून भागत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं आहे. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची झाली तर अधिकाऱ्याला त्याची कारणं लिहून ठेवावी लागतात. म्हणून कागद मागणं हे मुलाचं पहिलं संरक्षण आहे. (तुमचा स्वतःचा जबाब साक्षीदार म्हणून घ्यायचा झाला, तर त्यासाठी बाईमाणसाला ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही. तो तुमच्या घरी घ्यावा लागतो.)

याच ठिकाणी बाकीच्या वाचकांसाठी थोडं थांबते. 'तुमच्या नावच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलं, व्हिडिओ कॉलवरून हलू नका, तुम्ही डिजिटल अरेस्टमध्ये आहात' असे फोन येतात आणि शिकलेली माणसं आयुष्याची पुंजी घालवून बसतात. डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. फोन ठेवा आणि १९३० वर तक्रार नोंदवा.

वकील नेला तर पोलीस काय म्हणतील, ही तुमची भीती मी समजू शकते. आपल्याकडे मध्यमवर्गीय घरात कोर्टाची पायरी चढणं हाच डाग मानतात. पण थोडं उलट बाजूनं बघा. या कायद्यातले खटले पुष्कळदा पोलिसांनी पद्धत पाळली नाही म्हणून कोसळतात. ज्या ठाणेदाराला काम नीट करायचं आहे, त्याला वकील समोर असण्याचं वावडं नसतं. अटक झालेल्या माणसाला चौकशीदरम्यान आपल्या पसंतीच्या वकिलाला भेटण्याचा हक्क संहितेच्या कलम ३८ मध्ये आहे. पूर्ण वेळ शेजारी बसण्याचा नाही, पण भेटण्याचा आहे. मुलगा निर्दोष आहे की नाही याच्याशी त्या हक्काचा संबंध नाही. दुखतं म्हणूनच नव्हे, दुखू नये म्हणूनही आपण डॉक्टरकडे जातोच की.

वकिलाची फी परवडणार नाही असं तुम्ही ओझरतं लिहिलं आहे. सिव्हिल लाईन्सच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तिथे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो. राष्ट्रीय मदत क्रमांक १५१०० आहे. या मदतीला उत्पन्नाची अट असते, पण महिलांना स्वतःच्या प्रकरणासाठी आणि अटकेत असलेल्या माणसाला ती अट नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची (नालसा) योजना अटकेआधीच्या चौकशीलाही लागू आहे, म्हणून अटकेची वाट बघू नका, आताच जा.

मुलाला नेमकं काय होऊ शकतं, हे तुम्ही विचारलं नाहीत. विचारायची हिंमत झाली नसावी. मी सांगते, कारण भीती आकड्यात आली की लहान होते.

१९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थविरोधी कायद्यात शिक्षा पदार्थाच्या वजनावर ठरते. गांजा १ किलोपेक्षा कमी असेल तर अल्प प्रमाण, २० किलोपेक्षा जास्त असेल तर व्यावसायिक प्रमाण. मित्राकडचे ७० ग्रॅम म्हणजे अल्प प्रमाण. त्याला जास्तीत जास्त एक वर्ष सक्तमजुरी किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गांजाच्या सेवनासाठी कलम २७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दहा ते वीस वर्षांच्या शिक्षेच्या ज्या बातम्या तुम्ही वाचता, त्या व्यावसायिक प्रमाणाच्या. जामिनाला जवळजवळ भिंत घालणारं कलम ३७ सुद्धा मुख्यतः त्यांच्यासाठी आणि काही ठरावीक गंभीर कलमांसाठी आहे.

तुमच्या मुलाजवळ काही सापडलेलं नाही. त्याच्याविरुद्ध आज जे दिसतं ते मित्राचं बोलणं, मेसेज आणि ८०० रुपये. पोलिसांसमोरची कबुली न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही, हा जुनाच नियम आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये तोफान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने एनडीपीएसच्या कलम ६७ खाली घेतलेल्या जबाबांनाही तोच नियम लावला. मित्राने घाबरून नाव घेतलं, एवढ्यावर दोष सिद्ध होत नाही. 'पैसे पुरवले' म्हणून कलम २७ अ लागेल का, अशी धास्ती काही पालकांना वाटते. त्याच महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने एका गाजलेल्या प्रकरणात म्हटलं की सेवनापुरते पैसे देणं म्हणजे बेकायदा व्यापाराला वित्तपुरवठा नव्हे.

पण त्याच निकालाची दुसरी बाजूही सांगते, तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. या कायद्याखालचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र आहेत, असंही त्यात म्हटलं आहे. म्हणजे अटक झालीच तर ठाण्यातून सोडतील असं धरून चालू नका, न्यायालयातून जामीन घ्यावा लागेल. मेसेजवरून मुलगा इतरांनाही माल मिळवून देत होता असं दिसलं, तर कटाचं कलम २९ लागू शकतं. म्हणून ते मेसेज वकिलाने आधी वाचायला हवेत, सगळेच्या सगळे, मुलाला लाज वाटत असलेलेही. ते वाचून अटकपूर्व जामिनासाठी सत्र न्यायालयात जायचं की नाही, हे वकील ठरवतील. आणि गांजाऐवजी एमडीची पुडी असती तर माझा सूर वेगळा असता. एमडी म्हणजे मेफेड्रोनचं अल्प प्रमाण फक्त २ ग्रॅमच्या आत आहे, ५० ग्रॅमच्या वर व्यावसायिक होतं. २०२० च्या हिरा सिंग निकालानंतर भेसळीसकट सगळ्या मिश्रणाचं वजन धरतात. 'थोडीशीच होती' म्हणणाऱ्या मुलांना हे माहीत नसतं.

अटक झालीच, तर तुम्ही चार गोष्टींवर ठाम राहा. अटकेची कारणं लेखी आणि त्याला समजणाऱ्या भाषेत मिळाली पाहिजेत. नोव्हेंबर २०२५ मध्ये, तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई (आपल्या नागपूर खंडपीठात वकिली केलेले) आणि न्या. मसीह यांच्या पीठाने हे सगळ्या गुन्ह्यांना लागू केलं. तेव्हाच्या तेव्हा लिहून देणं शक्य नसेल तर आधी तोंडी सांगावं आणि रिमांडसाठी उभं करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात द्यावा, असं ते सांगतात. अटकेच्या पंचनाम्यावर घरच्या किंवा वस्तीतल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही हवी आणि मुलाने सांगितलेल्या व्यक्तीला कळवलं पाहिजे. वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे. आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर उभं केलं पाहिजे. तिथे न्यायाधीश विचारतात, 'काही तक्रार आहे का?' बहुतेक मुलं मान खाली घालून 'नाही' म्हणतात. मारहाण झाली असेल, कोऱ्या कागदावर सही घेतली असेल, तर ते सांगायची जागा तीच. पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर सही करायची नसते, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८१ मध्येच आहे. पंचनामा, नोटीस, जप्तीची यादी यांवर सही करायची, पण पूर्ण वाचून, रिकाम्या जागांवर रेघ मारून, खाली तारीख-वेळ घालून.

झडतीबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी संध्याकाळी दुचाकीवर फिरणारी हजारो मुलं या शहरात आहेत आणि नागपूर पोलिसांच्या 'ऑपरेशन थंडर'सारख्या अंमली पदार्थविरोधी मोहिमेनंतर तपासण्या वाढल्या आहेत, म्हणून सांगते. अंमली पदार्थांच्या संशयावरून अंगझडती घ्यायची असेल तर एनडीपीएसच्या कलम ५० प्रमाणे त्या माणसाला आधी सांगावं लागतं की राजपत्रित अधिकारी किंवा न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर झडती द्यायचा तुला हक्क आहे. सांगणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये ठरवलं. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. पण हा हक्क अंगावरच्या झडतीपुरता आहे. पाठीवरची बॅग, गाडीची डिक्की यांना कलम ५० लागू होत नाही. तिथे 'मला कायदा माहीत आहे' म्हणून रस्त्यावर हुज्जत घालणारा मुलगा स्वतःचंच नुकसान करतो. हात अडवायचा नाही, ढकलाढकली करायची नाही. अधिकाऱ्याचं नाव, वेळ, आजूबाजूला कोण होतं ते लक्षात ठेवायचं आणि घरी येताच लिहून काढायचं.

घराच्या झडतीला एनडीपीएसचं कलम ४२ आहे. मिळालेली माहिती अधिकाऱ्याने लिहून ठेवायची, वरिष्ठांना ७२ तासांत कळवायची, सूर्यास्तानंतर विनावॉरंट शिरायचं तर कारण नोंदवायचं. २०२४ च्या जुलैपासून झडती आणि जप्तीचं व्हिडिओ चित्रण करणंही बंधनकारक झालं आहे. तुम्ही घरात हजर राहू शकता आणि जप्त वस्तूंच्या यादीची प्रत मागू शकता. चार-पाच जणांनी मिळून खोली घेतलेल्या विद्यार्थ्यांनी कलम २५ ही लक्षात ठेवावं. जाणूनबुजून आपली जागा अशा गोष्टींसाठी वापरू देणाराही दोषी ठरतो. 'मी ओढत नाही, ते ओढतात' हे उत्तर पुरत नाही.

आता ते ४० हजार. ताई, हे करू नका. तुम्ही शिकवलेल्या खरेपणाला खरा धोका इथं आहे, मुलाच्या गप्प राहण्यात नाही. पैसे त्या साहेबांपर्यंत पोचतात की शेजाऱ्याच्याच खिशात राहतात, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. गुन्हा दाखल आहे, मित्राचा फोन जप्त आहे, माल न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाणार. इतक्या हातांतून गेलेली गोष्ट एका पाकिटानं नाहीशी होत नाही. उलट देणाऱ्याचं घर कळतं, मग पुन्हा मागायला येतात. शिवाय २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हाही गुन्हा आहे. कोणी भाग पाडून पैसे घेतले असतील तर सात दिवसांच्या आत तक्रार केली तरच देणारा सुटतो. खरंच कोणी मागणी करत असेल तर पैसे देण्याआधी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला १०६४ वर कळवा. शेजाऱ्यांना फक्त एवढं सांगा, 'भाऊ, वकिलांशी बोलणं झालं आहे.' त्यांच्याशी मुलाबद्दल याहून एक शब्दही जास्त नको.

शेवटी मुलाबद्दल. 'काही वेळा' म्हणजे किती, हे त्याने तुम्हाला सांगितलेलं नाही आणि तुम्ही विचारलेलं नाही, असं पत्रावरून वाटतं. रागवायला म्हणून नको, पण विचारा. झोप, अभ्यास, पैसे, मित्र यांत काही बदललं का? बाबा गेल्यानंतर तो कोणाशी बोलला का? कायद्यातल्या एका तरतुदीचा इथं संबंध आहे. एनडीपीएसचं कलम ६४ अ म्हणतं की व्यसन जडलेल्या माणसावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असेल आणि तो स्वतःहून सरकारी किंवा सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. पण खटला टाळायला म्हणून न लागलेलं व्यसन लागल्याचं सोंग करायला मी सांगणार नाही. त्याला खरंच गरज आहे का, ते डॉक्टर ठरवतील. शासकीय मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागात किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयात त्याला या आठवड्यात घेऊन जा. आधी फोनवर बोलायचं असेल तर १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे. तो नाही म्हणेल. तुम्ही सोबत बसणार आहात, हे सांगून पाहा.

उद्याच्या दिवसाला एवढं पुरे. सकाळी शाळेतून अर्धी रजा, विधी सेवा प्राधिकरणात किंवा ओळखीच्या फौजदारी वकिलाकडे मुलासह भेट, त्यांच्यासमोर सगळं खरं, एकही गोष्ट न लपवता. वकिलाला सांगितलेलं गुपित राहतं, तसं कायद्याचंच बंधन त्यांच्यावर आहे. त्यानंतर ठाण्याला फोन आणि लेखी नोटिशीची मागणी. आधारची प्रत, कॉलेजचं ओळखपत्र, डॉक्टरांची चिठ्ठी एका पाकिटात ठेवा. ठाण्यात जायच्या दिवशी मुलाने पोटभर जेवून जावं, तुमचा आणि वकिलांचा नंबर कागदावर लिहून खिशात ठेवावा, कारण फोन बाजूला काढून घेतला की आजकालच्या मुलांना आईचाही नंबर पाठ नसतो. तुम्ही बाहेर बसा. तो किती वाजता आत गेला आणि किती वाजता बाहेर आला, ते वहीत लिहा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या आदेशाने ठाण्यांत सीसीटीव्ही असले पाहिजेत, आणि ते चित्रण मागायची वेळ आली तर तुमच्या वहीतल्या वेळा उपयोगी पडतील.